पेट्रोल पंपाचे नोझल आणि ते धरणारा हात

आपल्या वस्त्यांतील अनेक मुले, आणि अलीकडे मुलीही, पेट्रोल पंपावर कामाला आहेत. बारावी झाली, पुढचे शिक्षण पैशाअभावी थांबले, की ओळखीपाळखीने ज्या नोकऱ्या मिळतात त्यांतली ही एक. गणवेश मिळतो, पाळी ठरलेली असते आणि हातात येते ते नोझल. ग्राहकाला ते जेमतेम दोन मिनिटे दिसते. "दादा, झिरो बघा" म्हणून मुलगी टाकीत नोझल घालते, आकडे पळतात, पैसे द्यायचे आणि निघायचे. परंतु जिला ते नोझल पाळीभर धरावे लागते तिच्या मनगटाला त्याचे वजन चांगलेच ठाऊक असते.

वाचकहो, आपण एक साधा हिशेब करून पाहू. नोझल किलोभराहून जड असते. त्याला जोडलेली रबरी नळी, जिला पंपावर सगळे होज म्हणतात, ती आतून सुमारे १९ मिलिमीटर रुंद असते आणि ती सतत पेट्रोलने भरलेली असते. अशा चार मीटर नळीत एक लिटरहून थोडे अधिक, म्हणजे पाऊण किलोहून जास्त पेट्रोल बसते. वर रबराचे वजन वेगळेच. यातला काही भार मशीन पेलते, काही जमीन पेलते. उरलेला हातावर येतो. हातावर दोन किलो येतात असे धरा. पाळीत समजा २०० गाड्या आल्या, तर ४०० किलो उचलून झाले. म्हणजे सिमेंटची आठ पोती! प्रत्येक गाडीला खटका फक्त २० सेकंद दाबून धरला असे मानले तरी एका पाळीत एक तासाहून अधिक वेळ मूठ आवळलेली असते. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पंपापंपाला ते बदलतील. पण संध्याकाळी घरी आल्यावर मुलगी भाकरी थापताना मनगट का चोळते, हे त्यावरून कळते.

मग प्रश्न असा की हे यंत्र याहून सोपे का करता येऊ नये? करता येते. गेल्या १४० वर्षांत ते पुष्कळदा सोपे केले गेले आहे. मात्र दर वेळी ते कोणासाठी सोपे झाले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

रॉकेल आणि लोणी

पंपाची सुरुवात पेट्रोलपासून झालेली नाही, रॉकेलपासून झाली. अमेरिकेत इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने १८८५ साली एका किराणा दुकानदाराला पहिला पंप विकला. दुकानदाराची अडचण अशी सांगतात, की रॉकेलचे पिंप गळत होते आणि शेजारीच लोण्याचे पिंप होते. गिऱ्हाईक लोण्याला रॉकेलचा वास येतो म्हणून परत घेऊन येई. बाउझरने दट्ट्या असलेला असा पंप केला की दांडा वर ओढला की ठरावीक मापाचे रॉकेल बाहेर येई. सांडणे नाही, मापाची भांडी बुचकळणे नाही. रेशन दुकानात पिंपावर बसविलेल्या हातपंपाने रॉकेल काढून देताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा पंप डोळ्यांपुढे आणायला अडचण पडणार नाही. पुढे मोटारी आल्या, तेव्हा १९०५ साली बाउझरने पेट्रोलसाठी नळी लावलेला पंप बाजारात आणला. विमानतळावर इंधन भरणाऱ्या टँकरला अजूनही बाउझर म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

त्यानंतर लोकांना शंका येऊ लागली. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थेट गाडीत जाते, मग दुकानदाराने खरोखर किती दिले हे कसे समजावे? म्हणून पंपाच्या डोक्यावर काचेचे उंच नळकांडे बसविण्यात आले. त्यावर मापाच्या खुणा असत. आधी पेट्रोल हाताने पंप मारून वर काचेत चढवायचे, ग्राहकाने डोळ्यांनी खात्री करायची आणि मग ते आपोआप उतरून गाडीत जायचे. ग्राहकाचे समाधान झाले. पण काचेच्या नळकांड्यात पेट्रोल चढवायला लांब दांडा मागे-पुढे ओढीत बसावे लागे आणि तो ओढणारा खांदा कामगाराचा होता. १९३० च्या दशकात किती पेट्रोल गेले आणि किती पैसे झाले हे दोन्ही आकडे दाखविणारी मशिने आली, विजेची मोटर आली, तेव्हा कुठे तो दांडा सुटला.

मापाविषयीची शंका मात्र आजही रास्त आहे, म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते. शंका आली तर ते भरून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे मागताना पेट्रोल भरणाऱ्या मुलाशी भांडू नये. मशीनवरचे सील त्याच्या हातात नसते.

टक् असा आवाज कुठून आला

आता नोझलकडे येऊ. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होते आणि टक् असा आवाज येतो. ही सोय १९३९ सालची. न्यूयॉर्क राज्यातील ओलीयन या गावात सोकोनी-व्हॅक्यूम नावाची तेल कंपनी होती (हीच पुढे मोबिल झाली). तेथील रिचर्ड कॉर्सन यांनी माल चढविण्याच्या धक्क्यावर एका कामगाराला पिंपात पेट्रोल भरताना पाहिले. एक पिंप भरेपर्यंत माणूस तिथे खिळून उभा! हे काही बरोबर नाही, असे त्यांना वाटले. पुढे संडासाच्या फ्लशचा आवाज ऐकताना त्यांना युक्ती सुचली असे सांगतात. फ्लशच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर आले की गोळा वर येतो आणि पाणी बंद करतो. तसेच काही पेट्रोलसाठी करता येईल का? कॉर्सन यांनी पॉल वेंके या आपल्या सहायकाबरोबर एक नमुना तयार केला आणि कंपनीला दिला. कंपनीने त्यांच्या नावाने पेटंटचा अर्ज केला.

या गोष्टीतले मला दोन भाग महत्त्वाचे वाटतात. एक, शोधाची सुरुवात कामगाराकडे नीट पाहण्यातून झाली. दुसरा भाग तितकासा गोड नाही. या साधनाचा मूळ हेतू असा नोंदलेला आहे, की एका माणसाला एकाच वेळी एकापेक्षा अधिक पिंपे भरता यावीत. म्हणजे कामगाराचे उभे राहणे सुटले आणि त्याच्या वाट्याला दुसरे पिंप आले! यंत्र सोपे झाले की काम कमी होईलच असे नाही.

आजच्या नोझलमध्ये तरंगता गोळा नसतो. त्याची युक्ती आणखी बारीक आहे आणि तिला विजेचा एक थेंबही लागत नाही. पूर्वी घरोघरी ढेकणांसाठी फ्लिट मारायचा पंप असे, तो आठवा. जोराची हवा नळीच्या तोंडावरून गेली की खालचे औषध आपोआप वर ओढले जाई. द्रव किंवा वायू अरुंद जागेतून वेगाने गेला की तेथील दाब घटतो आणि तो आजूबाजूचे काही ना काही ओढून घेतो, हे त्यामागचे तत्त्व. इटलीचे शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांच्या नावाने ते ओळखले जाते. नोझलमध्ये याच्या उलट घडते. तेथे पेट्रोल वेगाने जाते आणि ते हवा ओढते. नोझलच्या टोकाजवळ नीट पाहिले तर एक बारीक छिद्र दिसेल. त्या छिद्रातून एक सडपातळ नळी आत रबराच्या पातळ पडद्यापर्यंत जाते. पेट्रोल वाहत असते तोवर छिद्रातून हवा आत येत राहते आणि पडदा स्वस्थ असतो. टाकीतले पेट्रोल वर चढून छिद्र बुजले, की हवा बंद. ओढ मात्र चालूच. मग ती ओढ पडद्यालाच खेचते, पडद्याला जोडलेली खीळ सुटते, खटक्याचा आधार जातो आणि स्प्रिंगच्या जोराने झडप बंद होते. टक्! शहाळ्याचे पाणी पिताना नळीचे टोक मलईला चिकटले की नळी कशी चपटी होते, अगदी तसेच.

चूकच होऊ नये अशी रचना करण्याचेही एक चांगले उदाहरण नोझलमध्ये आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालीत. शिसे विषारी, त्यातही लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. शिवाय धूर शुद्ध करणारे जे उपकरण नव्या गाड्यांत आले ते शिशाने निकामी होई. अमेरिकेत १९७४ पासून बिनशिशाचे पेट्रोल विकणे सुरू झाले तेव्हा पंपावर दोन्ही प्रकार राहणार होते. पाट्या लावून लोक चुकायचे थांबत नाहीत. म्हणून बिनशिशाच्या नोझलचे टोक सुमारे २१ मिलिमीटर आणि शिशाच्या नोझलचे टोक सुमारे २४ मिलिमीटर ठेवण्यात आले. नव्या गाडीच्या टाकीचे तोंड इतके अरुंद केले, की शिशाचे नोझल त्यात शिरणारच नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाचीही चूक होऊ शकत नाही, कारण वाचायचे काहीच नाही. आपल्या देशात बिनशिशाचे पेट्रोल १ एप्रिल १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. रस्त्याकडेच्या झोपड्यांत वाढणाऱ्या मुलांना त्याचा किती लाभ झाला असेल, याचा विचार करावा.

ग्राहकच कामगार झाला तेव्हा

परदेशात पुढे एक मोठा बदल झाला. १९६४ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात असा पंप निघाला की दुकानात बसलेला माणूस दुरूनच मशीन चालू करी आणि ग्राहक स्वतः नोझल धरून पेट्रोल भरी. मालकाचा पगार वाचला. ही पद्धत पसरली. न्यू जर्सी राज्याने १९४९ पासून आणि ओरेगॉनने १९५१ पासून तिला बंदी घातलेली होती, पण ओरेगॉननेही २०२३ मध्ये बंदी उठविली. जपानने १९९८ मध्ये स्वतः पेट्रोल भरायला परवानगी दिली.

आता नोझल ग्राहकाच्या हातात आले आणि तक्रारींना एकदम वजन आले! म्हाताऱ्या माणसाला खटका दाबवत नाही, संधिवाताने बोटे वाकत नाहीत, चाकांच्या खुर्चीवरून मशीनच्या बटणांपर्यंत हात पोचत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याप्रमाणे अपंग ग्राहकाने मागितले तर पंपवाल्याने जादा पैसे न घेता पेट्रोल भरून दिले पाहिजे. एकटाच नोकर असेल तर मात्र सूट आहे. त्या कायद्याच्या २०१० च्या नियमावलीत बारीकसारीक मापे दिलेली आहेत. हाताने चालविण्याचे भाग जमिनीपासून ४८ इंचांपेक्षा उंच नसावेत. जुन्या चौथऱ्यावरील पंपांना ५४ इंच चालतात. ते भाग एका हाताने चालविता यावेत, त्यासाठी घट्ट आवळावे, चिमटीत धरावे किंवा मनगट पिळावे लागू नये आणि ५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोपेक्षा, अधिक जोर लागू नये.

किती चांगला नियम! परंतु त्याच कलमाखाली एक अपवाद आहे. तो असा, की पेट्रोल पंपाच्या नोझलला ही ५ पौंडांची मर्यादा लागू नाही. दाराची कडी, नळ, बटणे, सगळ्यांना मर्यादा, आणि जिथे मूठ सर्वांत जास्त आवळावी लागते त्या वस्तूला सूट. जगातल्या एका श्रीमंत देशाच्या नियमावलीने नोझलपुढे हात टेकले, असेच म्हणावे लागेल. जो कोणी सव्वादोन किलोच्या आत चालणारे, सुरक्षित आणि स्वस्त नोझल करील, त्याच्यासाठी ही जागा अजून मोकळी आहे.

जपानमध्ये जागेच्या टंचाईतून वेगळाच उपाय निघाला. तेथे अनेक पंपांवर होज छतातून खाली लोंबतात. जमिनीवर मशीन नाही, अडथळा नाही, गाडीच्या कोणत्याही बाजूने नोझल पोचते आणि होजचे बरेचसे वजन छप्पर पेलते.

आपल्याकडची गोष्ट निराळी

आपल्याकडे पेट्रोल भरणारा माणूस अजून आहे आणि तो राहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर लाखो घरांच्या चुली त्यावर चालतात. दुसरे म्हणजे मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून जाणाऱ्या अपंग बांधवाला पंपावर उतरावे लागत नाही. जे अमेरिकेत कायदा करून मागावे लागते ते येथे ही मुले रोजच करीत असतात. पण म्हणूनच येथे सोपे नोझल कोणासाठी हवे, याचे उत्तर वेगळे आहे. परदेशी ग्राहक आठवड्यातून एखाद्या वेळी नोझल धरतो. आपली मुलगी दिवसातून शेकडो वेळा धरते.

आणखी एक गंमत पाहा. नोझलचा आकार मोटारीसाठी घडलेला आहे. मोटारीच्या टाकीचे तोंड बाजूला असते, आत लांब गळा असतो. नोझल त्यात अडकवून ठेवले की स्वतःच्या वजनाने टिकते. आपल्या पंपावर मात्र दुचाकींची रांग असते. मोटरसायकलची टाकी वरून उघडते आणि तिला गळा जवळजवळ नसतोच. त्यात नोझल अडकत नाही. ते उभे, तोलून, हातानेच धरावे लागते. स्कूटरच्या आसनाखालच्या तोंडासाठी तर वाकावेही लागते. पेट्रोलही शंभर-दोनशे रुपयांचे, म्हणजे रक्कम बटणांवर आधीच टाकलेली. मशीन त्या आकड्यावर आपणच थांबते. कॉर्सन यांच्या त्या सुंदर युक्तीची अशा वेळी वेळच येत नाही. म्हणजे जी सोय आहे ती येथे फारशी उपयोगी पडत नाही आणि जी हवी, ती कोणी केलेली नाही.

त्यात चौथऱ्याची चढ-उतार आहे. पेट्रोलची वाफ आहे. पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचा घटक असतो आणि त्यामुळे कर्करोग होतो हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतच असावे असा नियम आहे. तरीही टाकीच्या तोंडावर वाकून दिवस काढणाऱ्याच्या नाकाचा विचार करावाच लागतो. निघणारी वाफ परत ओढून घेणारी नोझले निघाली आहेत. ती सगळीकडे आलेली नाहीत. सोपे नोझल करताना भरणाऱ्याचा चेहरा टाकीपासून दूर राहील एवढा लांब दांडा दिला तरी फरक पडेल.

नमुना कसा करावा

हे काम मोठ्या कंपन्यांचे आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. कारखान्यात नोझल तयार करणे हे कंपन्यांचेच काम आहे. पण कच्चा नमुना करायला लागतो तो लाकडाचा तुकडा, कानस, एक ताणकाटा आणि भरपूर चिकाटी. आयटीआयला फिटर किंवा टर्नर शिकणाऱ्या मुलाला हे सहज जमेल.

पहिली पायरी पाहण्याची. पंपावर काम करणाऱ्या आपल्या बहिणीला किंवा भावाला विचारावे. किती वेळा हात बदलतोस? कोणते बोट दुखते? नोझल परत अडकविताना मशीनकडे पाहावे लागते की अंदाजाने बसते? होज कोठे पिळते? नुसते विचारून भागत नाही. माणूस सवयीने त्रास विसरतो. म्हणून शेजारी उभे राहून पाहावे आणि लिहावे. भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा ताणकाटा खटक्याला लावून तो किती किलोला दबतो, हे पंप बंद असताना आणि मालकाच्या परवानगीनेच मोजावे. तो आकडा वहीत आला की निम्मे काम झाले, कारण पुढचा प्रत्येक नमुना त्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

मग हाताची मापे. मुठीला सर्वांत जास्त जोर साधारण पाच-सहा सेंटिमीटरच्या पकडीत लावता येतो. बायकांचा हात लहान असतो, त्यांच्यासाठी ते अंतर थोडे कमी हवे. खटका पुरुषी पंजासाठी केलेला असेल तर मुलीची बोटे टोकानेच त्याला पोचतात आणि सगळा भार दोन बोटांवर येतो. भारतीय माणसांची मापे पुस्तकात मिळतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे दिलेली आहेत. ते मिळाले नाही तर वस्तीतल्या वीस-पंचवीस बायकांचे पंजे कागदावर आखून घेतले तरी चांगली सुरुवात होते.

लाकडाच्या मुठी तीन-चार आकारांच्या कराव्यात. त्यांना वाळूची पिशवी बांधून खऱ्या नोझलइतके वजन द्यावे. मोटरसायकलच्या टाकीच्या उंचीवर डबा ठेवून शंभरदा उचल-ठेव करून पाहावी. चाळीसाव्या वेळी कोणती मूठ नकोशी होते ते आपोआप कळते. दहाव्या वेळी सगळ्याच बऱ्या वाटतात, म्हणून घाई करू नये. ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांत थ्रीडी प्रिंटर आले आहेत त्यांना मूठ प्लास्टिकमध्ये काढता येईल. पण लाकूड कानसून लगेच बदलता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

खटका हलका कसा करावा हा खरा कठीण भाग. झडप बंद असते तेव्हा तिच्यामागे पेट्रोलचा दाब असतो. उघडताना स्प्रिंगबरोबर त्या दाबालाही हरवावे लागते. आपल्या प्रेशर कुकरचेच उदाहरण घ्या. वाफ कोंडलेली असताना झाकण हलत नाही. शिट्टी उचलून वाफ जाऊ दिली की तेच झाकण एका बोटाने निघते. तसे मोठ्या झडपेच्या पोटात छोटी झडप ठेवावी, खटका दाबला की आधी छोटी उघडावी, दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हावा आणि मग मोठी उघडावी. ही कल्पना यंत्रशास्त्रात जुनीच आहे. होज आणि नोझल यांच्या सांध्यात गोल फिरणारा जोड नीट असला तर मनगट पिळत नाही. होजला वरून स्प्रिंगचा किंवा कप्पीचा आधार दिला तर हातावरचा भार बराच कमी होतो. हा शेवटचा उपाय नवे नोझल न करताही होतो. पंपाच्या मालकाने मनावर घ्यायचा अवकाश.

एक गोष्ट काळजीपूर्वक ध्यानात ठेवा. हे सगळे प्रयोग पाण्यावर करायचे. उंचावर पाण्याची टाकी ठेवली, नळी जोडली, की झाले. पेट्रोल घरात किंवा वर्कशॉपमध्ये आणून प्रयोग करणे म्हणजे आगीशी खेळ. त्याच्या वाफेला नुसती ठिणगी पुरते आणि ती ठिणगी प्लास्टिकवर घासून तयार झालेल्या स्थिर विजेचीही असू शकते. खऱ्या होजमध्ये ही वीज जमिनीत उतरविण्याची सोय मुद्दाम केलेली असते. पंपावरच्या चालू नोझलला पट्टी चिकटविणे, तार गुंडाळणे, दांडा वाढविणे असले उद्योगही करू नयेत.

पाण्यावर पास झालेला नमुना पंपावर येण्यापूर्वी त्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. इंधनाच्या साठवणुकीची आणि वितरणाची सुरक्षितता ही संस्था पाहते. मशीनच्या मापाशी संबंध येणार असेल तर २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणेही मान्यता लागते. येथपर्यंत पोचायला एखाद्या उत्पादकाची किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाची साथ घ्यावी लागेल. रिक्षांच्या सीएनजीचे नोझल हा तर वेगळाच विषय आहे. तेथे दाब फार मोठा असतो, त्याला घरगुती प्रयोगांत हात लावू नये.

ज्या मुला-मुलींना वस्तूंची रचना करण्याची आवड आहे त्यांनी हे शिक्षण रीतसर घेता येते हे माहीत करून घ्यावे. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे केंद्र आहे. तेथील पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड या प्रवेश परीक्षा आहेत. यूसीडला बारावीची कोणतीही शाखा चालते, केवळ विज्ञान शाखाच हवी असे नाही. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. या संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत, तेव्हा जातीचा दाखला आणि पडताळणीची कागदपत्रे दहावीनंतरच तयार ठेवावीत. यूसीडमध्ये चित्र काढण्याचा एक भाग असतो. मागील वर्षांचे पेपर परीक्षेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सरावासाठी कुकर, स्टोव्ह, पाण्याचा नळ, सायकलचा ब्रेक अशा रोज हाताळण्याच्या वस्तू समोर ठेवून त्यांची चित्रे काढावीत आणि त्या धरणारा हातही चित्रात काढावा.